बारीक झाल्याबद्दल अभिनंदन

मी आजारी पडले तेव्हा लोकांनी माझं अभिनंदन केलं. गल्लीतल्या बायकांनी केलं, नात्यातल्यांनी केलं, ज्या डॉक्टरकडे मी तपासायला गेले त्यानेही केलं. अंगात ताप, रात्री घामाने उशी ओली, आणि समोरचा माणूस हसून म्हणतोय, ‘क्या बात है!’ हे आठवलं की आजही माझ्या हातातली कात्री वाकडी जाते.

मी देवासला राहते. घराच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकलं आहे, ब्लाउज शिवते. माहेर धारचं. आमच्या घरात सुई पिढ्यांपासूनची. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, धारच्या बाजारात शिंपीकाम करायचे आणि त्यांचे आजोबा संस्थानात अंगरखे शिवायचे. लग्न होऊन देवासला आले तेव्हा सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, ‘दाखवली तेव्हा बसलेली होती, त्यामुळे अंदाज आला नाही.’ सगळे हसले. मीही हसले. नव्या नवरीला दुसरं काय करता येतं?

पाच वर्षांची होईपर्यंत मी गुटगुटीत होते. मग अंगाने भरलेली झाले, मग जाड, आणि शेवटी डॉक्टरच्या चिठ्ठीवर ओव्हरवेट. सासरी माझ्या ताटावर घरातल्या सगळ्यांचा डोळा. सणाला दुसरी पुरणपोळी घेतली की जाऊबाई गोड आवाजात म्हणायच्या, ‘बघा हं.’ चौकातला भाजीवाला मी मेथी मागितली तरी दुधी पुढे करायचा. ‘भाभी, लौकी ले जाओ, वजन उतरेगा.’ दिवसभर यंत्र चालवून, दोन मजल्यांचं पाणी भरून, संध्याकाळी टेकडीवर देवीला जाऊन यायची मी. मला कधी धाप लागली नाही. पण ते कुणाला दिसत नव्हतं. दिसायचे ते दंड.

डॉक्टरांचंही तेच. एकदा माझा कान फुटला. डॉक्टरांनी आधी मला काट्यावर उभं केलं, मग कानात बघितलं. निघताना म्हणाले, ‘वजन कम करो, सब ठीक हो जाएगा.’ म्हणजे कानसुद्धा.

माझ्या खोलीत येणाऱ्या बायका तरी कुठे वेगळ्या आहेत? टेप छातीभोवती घातली की बाई श्वास आत ओढून धरते. ब्लाउजच्या शिवणीत आम्ही थोडं जास्तीचं कापड दाबून ठेवतो, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. बायका म्हणतात, ‘माया ठेवू नका, मी बारीकच होणार आहे.’ मी हो म्हणते आणि ठेवते. मला ठाऊक असतं. वीस वर्षं मी हे ऐकत आले. बाई डॉक्टर असो नाहीतर धुणंभांडी करणारी असो, माप घेताना पहिलं वाक्य स्वतःच्या अंगाला शिवी असते.

मग त्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, माझी भूक गेली. आधी वाटलं, उन्हाने. पावसाळा लागला तरी भूक परतली नाही. पोळीचा वास नकोसा व्हायचा. माझे स्वतःचे ब्लाउज मी एकेक शिवण आत घेत गेले, मग दोन दोन. आणि कौतुक सुरू झालं.

‘भाभी, आप तो आधी हो गईं! राज क्या है?’

‘वहिनी, ओळखलंच नाही मी!’

सासूबाईंनी तर मान ताठ केली. ‘मी म्हणत नव्हते? मनावर घेतलं की होतं सगळं.’ जणू त्यांनीच मला तासून काढलं होतं. नवरा कित्येक वर्षांनी मला स्कूटरवर मागे बसवून चाट खायला घेऊन गेला. तिथे त्याचा कारखान्यातला मित्र भेटला, तर याने छाती काढून विचारलं, ‘पहचाना क्या, भिया?’ चाट माझ्याच्याने खाववली नाही. नवरा म्हणाला, ‘शाब्बास.’

त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. मी माणूस आहे, कौतुक कुणाला नको? पण आतून मी खंगत चालले होते आणि मला त्याचाच आनंद व्हावा, अशी व्यवस्था या लोकांनी जन्मभर खपून केली होती. त्याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

रोज दुपार कलली की अंगात कसकस यायची. यंत्राचं पायडल जड लागायचं. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते खुर्चीतून अर्धे उठलेच. ‘अरे वाह! चढ़ो मशीन पर.’ आकडा बघितला आणि कंपाउंडरला हाक मारली, ‘देखो, इसे कहते हैं विल पावर.’

मी म्हटलं, ‘डॉक्टर साब, शाम को बुखार रहता है. भूख बिलकुल नहीं लगती.’

‘डायटिंग में होता है. अच्छा है, भूख मर जाए तो आधी लड़ाई जीत ली. यही चलने दो.’

ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. मानेला हात लावला नाही, छातीला नळी लावली नाही. मी जाड होते तेव्हा वजनापलीकडे त्यांना काही दिसलं नाही, आणि वजन गेलं तेव्हा तर बघण्यासारखं काही उरलंच नाही त्यांच्या मते.

पितृपक्षात आईचं श्राद्ध असतं, म्हणून मी धारला गेले. आप्पा आता दुकान चालवत नाहीत, एकटेच राहतात. मी फाटकातून आत आले आणि त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘काय गं, हे काय झालं?’

‘बारीक झाले, आप्पा. सगळे म्हणतात छान दिसते.’

‘सगळ्यांना म्हणू दे. तू जेवतेस का?’

मी पिशवी ठेवायला आत गेले. श्राद्धाचं जेवण झालं, ब्राह्मण गेले, संध्याकाळी आम्ही चहा प्यायला बसलो. माझा कप तसाच भरलेला राहिला. आप्पांनी तो काढून घेतला, कपाळावर हात ठेवला. मग गळपट्टीजवळ, आत घेतलेली शिवण बघायला असावीत, त्यांची बोटं गेली आणि मानेच्या बाजूला थांबली.

‘इथे गाठ आहे.’

‘चरबी असेल.’

‘चरबी तुझ्या अंगावर राहिली आहे कुठे?’ आप्पा कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. ‘सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. काही ऐकणार नाही मी.’

सकाळी ऑटोने आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने काटा नंतर दाखवला, आधी मान चाचपली, काख चाचपली, पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, ‘वजन कब से गिर रहा है?’

‘गर्मी से.’

‘इतने महीने? किसी को दिखाया नहीं?’

‘दिखाया था.’

‘फिर?’

‘बधाई दी थी.’

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

गाठीत सुई घालून नमुना काढला. मी धारलाच थांबले. रिपोर्ट आला: टीबी. गाठींचा. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. छाती साफ आहे, खोकल्यातून कुणाला लागणारा हा प्रकार नाही, औषध सहा महिने घ्यायचं, मधे सोडायचं नाही, आणि खायचं. ‘जितना खा सको, खाओ. वजन बढ़ना चाहिए, उसी से समझ में आएगा कि दवा लग रही है.’ असं वाक्य मी जन्मात कुणा डॉक्टरच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आप्पांनी माझ्या नवऱ्याला फोन केला. त्यांची भाषा जुनी. ‘जावईबापू, मुलीला क्षय झाला आहे. तुमच्या घरात एवढी माणसं असून कुणाच्या ध्यानात आलं नाही, याचं मला नवल वाटतं.’ पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांनी मला सांगितलं नाही.

देवासला परतले त्या रात्री घरात बैठक बसली. सासूबाई, नवरा, आणि वरच्या मजल्यावरून दीर आणि जाऊबाई. सासूबाईंनी निकाल आधीच ठरवला होता.

‘टीबी हा शब्द या घराच्या बाहेर जाणार नाही. वरच्या पोरीचं उद्या लग्न करायचंय.’ वरची पोर म्हणजे जाऊबाईंची मुलगी, माझी पुतणी, अकरावीत. ‘तिलाही सांगू नका. शाळेत बोलून बसेल.’

‘गिऱ्हाईकही तुटेल,’ नवरा म्हणाला.

‘मग लोकांना सांगायचं काय?’ मी विचारलं.

‘सांगायचं काय त्यात?’ सासूबाई म्हणाल्या, ‘डाएट केलं. लोक तसंही तेच म्हणताहेत.’

मी म्हटलं, ‘हा लागणारा आजार नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय.’ कुणी कागद हातात घेतला नाही. मला ताप होता, भांडायला दम नव्हता. दुसऱ्या दिवशी माझा कप, ताट, वाटी वेगळी निघाली. आणि दारात आलेल्या शेजारणीला सासूबाई सांगत होत्या, ‘सकाळी कोमट पाण्यात लिंबू, रात्री भात बंद, साखर बंद. करून बघा, आमची सून बघा ना.’ माझ्या क्षयाची पाककृती झाली होती. बायका ती मोबाइलमध्ये टिपून घेत होत्या.

औषधांचे पहिले दोन महिने वाईट गेले. सकाळच्या गोळ्या घेतल्या की पोट ढवळायचं, तोंडाला धातूची चव, लघवी नारिंगी. मी यंत्रावर डोकं टेकून बसायची. मग हळूहळू ताप उतरला. एक दिवस शेजारून फोडणीचा वास आला आणि मला भूक लागली. खरी भूक. मी स्वयंपाकघरात गेले आणि उभ्या उभ्या भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. रडले. जवळच्या सरकारी केंद्रात दर महिन्याला वजन करत. तिथली नर्स ओरडलीच, ‘बढ़ा है! बहुत अच्छे!’ मी काट्यावरून उतरायलाच तयार नव्हते.

घरी मात्र तोंडं पडू लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई म्हणाली, ‘अरेरे, परत?’ जणू माझं कुणी गेलं होतं. ज्या सासूबाईंना ठाऊक होतं की मी गोळ्या खाते, त्याच म्हणाल्या, ‘आता जरा आवर. बरी झालीस ना.’ आणि एका रविवारी माझा नवरा, जेवता जेवता, सहज, म्हणाला, ‘आजाराने एक काम तरी चांगलं केलं होतं. तेही तू घालवतेस.’

मी वाढायचं थांबवलं. म्हटलं, ‘परत म्हणा.’

‘गंमत केली.’

‘तुमच्या अंगात महिनोन्‌महिने ताप राहू दे, आणि लोक येऊन तुमच्याकडे पेढे मागू देत. मग गंमत करू.’

डाव पातेल्यात टाकून मी पुढच्या खोलीत जाऊन बसले. त्या दिवसापासून त्याला त्याच्या हाताने वाढून घ्यायला लावलं. अजूनही तेच चालू आहे. घराण्याची रीत मोडली म्हणून सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. घरात तेवढीच शांतता.

फेब्रुवारीत पुतणी कोचिंगच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. दोन मैत्रिणी तिला ऑटोत घालून घेऊन आल्या. ओठ पांढरे, हात बर्फासारखे. दवाखान्यात सलाईन लावलं. रक्त फार कमी आहे, मुलगी खात नाही, असं डॉक्टर म्हणाले. जाऊबाई रडत म्हणत होत्या, ‘खाते हो सगळं! डबा रोज रिकामा येतो.’

डबा गाईला जात होता. मला ते तिनेच सांगितलं, संध्याकाळी तिला घरी आणल्यावर, मी तिच्या पायथ्याशी बसले होते तेव्हा. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

‘कधीपासून?’

‘दिवाळीपासून. काकू, मी तुमच्यासारखंच केलं. आजीने सांगितलं तसं. भात बंद, साखर बंद. पण तुमचं लवकर उतरलं, माझं उतरतच नव्हतं, म्हणून मग नाश्तापण सोडला. मग टिफिन.’

तिच्या लग्नाला अडचण नको म्हणून तिच्यापासून लपवलेली गोष्ट तिलाच उपाशी मारत होती.

मी तिला सांगितलं. सगळं. गाठ, सुई, गोळ्या, आजीचा नियम. पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं. मानेवर गाठ होती ती जागा दाखवली. ती पाकीट उलटंसुलटं करत राहिली. मला वाटलं ती घाबरेल, रडेल, मला बिलगेल.

ती म्हणाली, ‘पण काकू, तुम्ही किती छान दिसत होतात.’

ती वाईट मुलगी नाही. ती खरं बोलली. हे तिला कुणी शिकवलं? आम्ही सगळ्यांनी मिळून. मरायला टेकलेली बाई तिला छान दिसली, आणि भाकरी खाऊन उभी राहिलेली बाई तिला अरेरे वाटली. मी खोलीतून बाहेर आले, मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले. मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि मारण्यासारखं एक माणूस सापडत नव्हतं.

चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू होतं. देवासातल्या मराठी घरांतल्या बायका येतात, काही हिंदीभाषक शेजारणीही. पन्हं, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे. माझे सहा महिने पूर्ण व्हायला आले होते. एका शेजारणीने विचारलंच, ‘भाभी, वो डाइट क्यों छोड़ दी? कितनी अच्छी हो गई थीं.’

सासूबाई उत्तर द्यायला तोंड उघडत होत्या. मी अत्तरदाणी खाली ठेवली.

‘डाइट नहीं थी. टीबी था.’

मग मराठीत म्हटलं, कुणाला कळलं नाही असं राहू नये म्हणून. ‘मला टीबी झाला होता. म्हणून मी बारीक झाले होते. तुम्ही सगळ्या जे विचारत होतात ना, काय केलंत, काय केलंत, ते हे केलं. लिंबूपाणी कुणी पीत असेल तर बंद करा. आमची मुलगी त्यापायी जिन्यात पडली.’

मग एकीने हातातला पन्ह्याचा पेला तोंडाला न लावता खाली ठेवला. दुसरीनेही ठेवला. सासूबाई गौरीकडे बघत बसल्या. ‘आणि घाबरू नका,’ मी म्हटलं, ‘तो लागणारा नव्हता. आता तर संपलाच. पण पेला ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा.’ तीन-चारजणी मात्र राहिल्या. त्यांतल्या एका म्हाताऱ्या काकूंनी माझ्यासमोर सगळं पन्हं पिऊन पेला पुढे केला आणि आणखी मागितलं.

सगळ्यांत शेवटी निघालेली बाई चपला घालता घालता दाराशी रेंगाळली. माझी जुनी गिऱ्हाईक, माया ठेवू नका म्हणणाऱ्यांतली. आजूबाजूला बघून हळूच विचारलं, ‘अहो, पण टीबीत साधारण किती उतरतं हो?’

मी दार लावून घेतलं. तिच्या तोंडावर. ते आठवून मला जराही वाईट वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात कोर्स संपल्याचा कागद मिळाला आणि मी तो घेऊन आमच्या त्या डॉक्टरांकडे गेले. आजारी नव्हते. त्यांच्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हटलं, ‘वो विल पावर नहीं था.’

त्यांनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे, मग माझ्या दंडांकडे बघितलं.

‘चलो, अच्छा हुआ पकड़ में आ गया. अब बस वजन का ध्यान रखना, फिर बढ़ रहा है.’

मी तिथे काय बोलले ते इथे लिहिणार नाही. बाहेर बसलेल्या रुग्णांनी ऐकलं. कंपाउंडर पाण्याचा ग्लास घेऊन आला, तो मी घेतला नाही. त्यांनी माफी मागितली नाही, आणि आजही त्यांच्याकडे तेवढीच गर्दी असते. मी जाते तेव्हा दुसरीकडे जाते.

काही गिऱ्हाइकं तुटली. लग्नसराई आली तशी बरीचशी परतली, कारण देवासात माझ्यासारखा गळा कापणारं दुसरं कुणी नाही. मी आता खोलीत एक नियम केला आहे. माप देताना स्वतःच्या अंगाला नावं ठेवायची नाहीत. ठेवली तर मी टेप गुंडाळून ठेवते. बायका हसतात, त्यांना वाटतं थट्टा आहे. दोघींना मी खरंच परत पाठवलं.

पुतणी शाळेत जाते. रक्त वाढलंय, पण ती बरी झालेली नाही. डॉक्टर म्हणाले, याला वेळ लागेल, घरात कुणी तिच्या खाण्यावर बोलायचं नाही. परवा रात्री आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. तिने तिसऱ्या पोळीला हात घातला आणि सासूबाई म्हणाल्या, ‘तिसरी?’ एवढंच. पोरीचा हात मागे गेला.

‘आई,’ मी म्हटलं, ‘तुम्ही ताट घेऊन बाहेर बसा.’

लग्नाला इतकी वर्षं झाली, असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने मान वर केली, मग खाली घातली. सासूबाई उठल्या नाहीत, पण गप्प झाल्या. मी पोळी उचलून पुतणीच्या ताटात वाढली, वर तूप घातलं. तिने अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी वाटीखाली सरकवली. मी बघितलं, जाऊबाईंनी बघितलं, सासूबाईंनीही बघितलं.